जुनं व्हीएमसी घेताय? आधी स्पेअर शोधा, मग मशीन

जॉबवर्क सुरू करायचं म्हटलं की भोसरी, तळवडे, चाकणकडच्या बहुतेक पोरांची पहिली नजर जुन्या व्हीएमसीवर जाते. त्यात काही गैर नाही. नव्या मशीनचा मोठा हप्ता पहिल्याच महिन्यापासून डोक्यावर घेण्यापेक्षा ते बरंच. अडचण मशीन जुनं असण्यात नाही. उद्या त्याचा पार्ट गेला तर तो कुठून येणार, हे न विचारता टोकन देण्यात आहे.

मैसूर किर्लोस्करचा टर्नमास्टर लेथ तुम्ही बघितला असेल. हरिहरची ती कंपनी बंद पडून जमाना झाला, तरी लेथ अजून चालतोय. कारण गिअर गेला की जुना नमुना पिशवीत घालून गिअर कटिंगवाल्याकडे जायचं, नट झिजला की गनमेटलचा नवा करून घ्यायचा. १९६०च्या दशकात टेल्को पिंपरीत आली तेव्हापासून आपला पट्टा हेच करत आलाय. लोखंड आपल्याकडे बनतं. पण व्हीएमसीचं डोकं लोखंडाचं नसतं. कंट्रोल, ड्राइव्ह, एन्कोडर यातलं काहीच एमआयडीसीच्या गाळ्यात बनवून मिळत नाही. ते एकतर कंपनीकडून येतं, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढलेलं.

म्हणून मशीन बघायला गेलात की नवा मारलेला रंग बघू नका. मागचं इलेक्ट्रिकल पॅनेल उघडायला लावा आणि प्रत्येक लेबलचा फोटो काढा. फानुकचा कंट्रोल असेल तर मोटर आणि ॲम्प्लिफायरचा नंबर 'ए०६बी'ने सुरू होतो. अख्खा नंबर टिपा, हॅशच्या पुढची अक्षरंसुद्धा. अल्फा आणि अल्फा-आय ही नावं ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, पण एकाचा ॲम्प्लिफायर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे फोटो दोन-तीन दुरुस्तीवाल्यांना पाठवून विचारा: एक्स्चेंज मिळेल का, किती दिवसांत, गॅरंटी किती? सगळेच 'बघून सांगतो' म्हणाले, तर भाव कितीही खाली आला तरी हात जोडून बाहेर पडा.

'सहा महिने गोडाऊनमध्ये झाकून ठेवलंय, काहीच वापर नाही' हे वाक्य ऐकलं की लोक खूश होतात. मी उलट सावध होतो. कंट्रोलच्या मेमरीला एक छोटी बॅटरी जिवंत ठेवते. मशीन बंद असताना ती संपली तर पॅरामीटर पुसले जातात. ॲब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी वेगळी असते, ती संपली की मशीन स्वतःची होम पोझिशन विसरतं. बॅटरी बदलतानाही कंट्रोलची पॉवर चालू ठेवावी लागते, हे कित्येक ऑपरेटरांना माहीत नसतं. त्यामुळे पॅरामीटर आणि लॅडर, दोन्हींचा बॅकअप कार्डवर घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. मशीन बनवणारी कंपनीच बंद झाली असेल तर तो लॅडर दुसरीकडे कुठे मिळेल याचा भरवसा नाही.

आता स्पिंडल. इथे पैशाबरोबर माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. 'फोर्टी टेपर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. बीटी-४० आणि कॅट-४० यांचा टेपर सारखाच, ७/२४. पण कॉलर वेगळी, त्यामुळे टूल चेंजरचा हात नीट पकडत नाही. मागच्या पुल स्टडची चूडीसुद्धा वेगळी: बीटीला एम-१६, कॅटला इंची. आणि एकट्या बीटीमध्येच पुल स्टड ४५, ६० आणि ९० अंशांचे येतात. चुकीचा स्टड कधीकधी बसतो, हीच भानगड आहे. ग्रिपर त्याला अर्धवट धरतो, आणि फिरत्या स्पिंडलमधून कटर सुटला तर समोर कोण उभा आहे हे तो बघत नाही. जुन्या मालकाचे होल्डर मशीनसोबत मिळत असतील तर त्यातला प्रत्येक स्टड एकमेकांशी लावून तपासा. मिसळलेले निघाले तर मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा नवा संच घ्या. एवढ्या खर्चासाठी घासाघीस करू नका.

बॅकलॅश तपासायला सगळेच डायल लावतात. पण आधी फानुकवर पॅरामीटर १८५१ उघडून बघा. तिथे प्रत्येक ॲक्सिसची बॅकलॅश भरपाई टाकलेली असते. मोठा आकडा दिसला तर झिजलेला बॉलस्क्रू आकड्याखाली लपवलाय असं समजा. मग एक गोल मिलिंग करून घ्या. जिथे ॲक्सिस उलटा फिरतो त्या चार जागी खूण उमटली तर भाव तिथेच करा. बॉलस्क्रूची बेअरिंगं, बेल्ट, कॉन्टॅक्टर यांची काळजी नको, ते बाजारात नंबरवर मिळतात. एलएम गाइडचं मात्र तसं नाही. एका कंपनीच्या रेलवर दुसरीचा ब्लॉक चालत नाही, जोडीच बदलावी लागते.

हिशोब करून बघा. समजा तासाला ४०० रुपये दर आणि दिवसाला १६ तास काम. एका ड्राइव्हसाठी १२ दिवस मशीन उभं राहिलं तर ७६,८०० रुपये गेले. त्यात ड्राइव्हची किंमत धरलेली नाही, आणि त्या १२ दिवसांत कस्टमरने दुसरा व्हेंडर शोधला त्याचा तर हिशोबच लागत नाही. दोन मशीन समोर असतील, एक लाखभराने स्वस्त पण अनोळखी कंट्रोलचं आणि दुसरं महाग पण शेजारच्या चार गाळ्यांत चालणारं, तर मी डोळे झाकून दुसरं घेईन. अडलं तर शेजाऱ्याचं कार्ड बदलून फॉल्ट कुठे आहे ते तरी कळतं. अर्थात, आधी त्याला विचारून!

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मशीनवर बँकेचं कर्ज आहे का ते विचारा, असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल घ्या, आणि त्यावर मशीनचा सिरियल नंबर प्लेटशी जुळवून लिहून घ्या.

आणि मशीन बघायला गुरुवारी जाऊ नका. आपल्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. ऑपरेटर नसतो, लाईटचा भरवसा नसतो, आणि 'चालू आहे हो, उद्या दाखवतो' म्हणत टोकन मागितलं जातं. सकाळी लवकर जा, मशीन गार असताना. तुमच्यासमोर चालू करायला लावा, अर्धा तास फुल आरपीएमवर स्पिंडल फिरवा, बंद झाल्यावर स्पिंडलच्या नोजजवळ हात लावून बघा. मग चहा घ्या आणि भावाचं बोला.