दक्षिणेचे दार आणि शेजारची वस्ती

दर्यापूर-बनोसा भागात कुणी घर किंवा प्लॉट विकायला काढला की दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो. गिऱ्हाईक घर बघते, चहा घेते, 'कळवतो' म्हणते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. कारणे विचारली तर यादी लांबलचक निघते. बोअरचे पाणी खारे आहे. भिंतीला तडे गेले आहेत. दार दक्षिणेला आहे. प्लॉट तोंडाला रुंद आणि मागे निमुळता आहे. मसणवटा जवळ आहे. सात-बारावर चौघांची नावे आहेत. आणि सर्वांत शेवटी, आवाज उतरवून विचारला जातो तो प्रश्न, 'भाऊ, आजूबाजूले वस्ती कोनाची हाय?'

आमच्या मते या सगळ्या नकारांचे तीन ढीग करायला हवेत. पहिला ढीग खऱ्या दोषांचा, दुसरा खोट्या भीतीचा आणि तिसरा जातीचा. दुर्दैव असे की आपल्याकडे गिऱ्हाईक पहिल्या ढिगाकडे डोळेझाक करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या ढिगापुढे थांबते. व्यवहार मोडतो तो तिथे.

पहिला ढीग आधी पाहू. दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त आहे. शहानूर धरणाचे पाणी नळाने येते म्हणून माणसे तगली. ज्या लेआऊटपर्यंत नळ पोचला नाही तिथे घर घेणे म्हणजे आयुष्यभर पाण्याच्या मागे धावणे होय. हेच खारे पाणी बांधकामाला वापरले तर लोखंडाला गंज चढतो, भिंतींना लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात.

दुसरी गोष्ट मातीची. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात हात भेगा पाडते. जुन्या माणसांना हे ठाऊक होते. म्हणून गाव वसले पांढरीवर आणि पीक घेतले काळीत. आज वावरे मोडून लेआऊट पडतात ते काळीतच. तिथे पाया खोल, घट्ट थरापर्यंत नेला नाही, मुरूम नीट भरला नाही, तर दोन-चार उन्हाळ्यांत भिंत तडकणारच. तो तडा वास्तुपुरुषाच्या कोपाने जात नाही, कंत्राटदाराच्या कंजूषपणाने जातो.

तिसरी गोष्ट कागदाची. जमीन अकृषक झाली आहे काय, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, लेआऊट मंजूर आहे की गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले, हे इसार देण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि शासनाने आपल्या माणसांना दिलेल्या जमिनी बहुधा याच वर्गातल्या. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. पुढच्या तुकड्यांना तो वाचवणार नाही. आयुष्यभराची कमाई ओतणाऱ्या आपल्या बांधवाने हे कागद तलाठ्याकडे, नगर परिषदेत जाऊन स्वतः पाहावेत. एवढ्या एका आळसापायी किती संसार नागवले गेले आहेत!

आता दुसरा ढीग. दक्षिणेकडे तोंड म्हणजे यमाची दिशा. तोंडाला रुंद प्लॉट व्याघ्रमुखी, तो मालकाला खातो. ईशान्य कापली गेली तर बरकत नाही. हे शास्त्र कोणी, कोणत्या प्रयोगशाळेत तपासले? सूर्य दक्षिणेकडच्या घरालाही उजेड देतो, वारा दार विचारून वाहत नाही. पण वास्तुतज्ज्ञाची फी, शांतीची दक्षिणा आणि तोडफोडीचा खर्च मात्र अगदी रोख असतो. भीती निर्माण करायची आणि तीच भीती विकायची, हा भिक्षुकशाहीचा जुना धंदा नव्या पाटीखाली चालला आहे.

राज्यकर्तेही यातून सुटलेले नाहीत. तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी जुने सचिवालय वास्तुदोषी ठरवले. ते पाडून नवे बांधले गेले, ३० एप्रिल २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्या इमारतीला नाव दिले गेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे! ज्या महामानवाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा देऊन लाखोंना देवभोळेपणातून बाहेर काढले, त्याचे नाव वास्तुशास्त्राने उभ्या केलेल्या भिंतीवर. याला अभिवादन म्हणायचे की थट्टा?

पण बोट फक्त इतरांकडे दाखवून चालणार नाही. नोकरी लागलेले आमचे काही बांधव विहारात त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि फ्लॅट घेताना होकायंत्र काढतात. आम्ही त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगतो. लोकांच्या भीतीमुळे दक्षिणमुखी घराला गिऱ्हाईक कमी मिळत असेल, तर त्याची किंमत पाडून मागता येते. पाणी गोड असेल, पाया पक्का असेल, कागद स्वच्छ असेल तर ते घर खुशाल घ्यावे. बुद्धिवाद पैसेही वाचवतो. शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर हेच सांगितले.

तिसरा ढीग सर्वांत जड आहे. प्लॉट उत्तम, पाणी आहे, रस्ता आहे, कागद चोख आहे, पण शेजारी निळा झेंडा दिसला की गिऱ्हाईक माघारी फिरते. उलट बाजूने आपला माणूस पैसे घेऊन जातो तेव्हा आडनाव ऐकताच 'प्लॉट विकला गेला' असे उत्तर मिळते, आणि तोच प्लॉट पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावे होतो. आधीच्यात आपल्या घराची किंमत पडते, नंतरच्यात आपल्या पैशाची.

१९१७ साली परदेशातून विद्वत्ता कमावून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही आसरा दिला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि शहर सोडले.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी याच दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरचे सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. फोनवर घर मागणाऱ्या दलितांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुसलमानांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना सरळ नकार मिळाला होता. देशाच्या राजधानीची ही अवस्था, मग तालुक्याच्या गावाचे काय विचारता?

दर्यापूर विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, अमरावती लोकसभाही राखीव आहे. म्हणजे आमदार-खासदार म्हणून आमचा माणूस चालतो, त्याच्या गळ्यात हार घालता येतो, पण भिंतीला भिंत लावून तो शेजारी नको. याला लोकशाही म्हणायचे काय?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण पाटी बदलली तरी बघणाऱ्याचा डोळा तोच राहिला. आता 'भीमनगर' वाचूनच गिऱ्हाईक गाडी वळवते. रोग पाटीत नव्हता, मनात होता.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. अमेरिकेत काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवून तिथे कर्ज नाकारले जाई. पण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घर विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा तिथे झाला. असा थेट कायदा भारतात का नाही? याच तालुक्यातल्या दारापूरच्या गवई घराण्याचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझरच्या प्रकरणात निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे बजावले. निवारा हक्क असेल, तर जात पाहून तो नाकारणे गुन्हा ठरलाच पाहिजे. आपल्या राखीव जागांवरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी सभागृहात लावून धरावी.

आणि शेवटी एक कडू गोष्ट. वस्तीतून शिकून वर गेलेला आमचाच अधिकारी जेव्हा दलालाला सांगतो की 'आपल्या लोकांच्या जवळ नको', तेव्हा तो शत्रूचेच वाक्य बोलत असतो. कुठेही राहण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, किंबहुना त्याने सर्वत्र राहावे. पण घर दाखवताना बैठकीतला बाबासाहेबांचा फोटो आत नेऊन ठेवणे हा हक्क नव्हे, ती शरणागती आहे. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती गावाच्या ओशाळेपणातून माणूस मोकळा व्हावा म्हणून. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभारले ते ग्रंथांसाठी, आणि नाव लपवून नव्हे.

म्हणून घर घेताना पाणी तपासा, पाया तपासा, कागद तपासा. दिशा सोडून द्या. आणि शेजारी कोण, हा प्रश्न ज्याला पडतो त्यालाच उलट विचारा की, बाबा, तू कसा शेजारी होणार आहेस?