नगरसेवकाची दुसरी मुदत (महापालिका समजून घेताना : लेखांक ९)

प्रतिनिधीला पाच वर्षांसाठी अधिकार द्यायचे आणि पाच वर्षांनी त्याच्याकडून हिशेब घ्यायचा, ही प्रातिनिधिक लोकशाहीतील सर्वांत साधी व्यवस्था होय; मात्र हिशेब घेण्याची वेळ येईल तेव्हा हिशेब देणारा समोर उभा असला पाहिजे, ही तिची पूर्वअट सहसा गृहीतच धरली जाते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्यांत मतदारांनी नगरसेवकाला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय नाही. त्यामुळे प्रभागातील नाले वेळेवर साफ झाले की नाही, पाण्याची वेळ पाळली गेली की नाही, नगरसेवक निधीतून खरोखर गरजेची कामे झाली की सुस्थितीतील पदपथ उखडून त्यावर पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवले गेले, या सर्वांवरचा मतदाराचा अभिप्राय नोंदवला जाण्याची जागा एकच उरते, आणि ती म्हणजे पुढची निवडणूक. किती वेळा निवडून यावे यावर कायद्याचे बंधन नाही. तरीही विद्यमान नगरसेवक आपल्याच प्रभागातून, आपल्याच कामाच्या बळावर दुसऱ्यांदा मते मागतो, हे चित्र महाराष्ट्रात वाटते तितके सार्वत्रिक नाही, आणि त्याचे कारण मतदारांच्या नाराजीत जेवढे आहे त्याहून अधिक निवडणुकीच्या रचनेत आहे. प्रस्तुत लेखांकात या रचनेतील दोन घटकांचा, म्हणजे फिरत्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा, प्रामुख्याने विचार केला आहे.

आरक्षणाचा मूळ आधार १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि या जागा शहरातील वेगवेगळ्या प्रभागांत आळीपाळीने फिरवण्याची मुभा दिली. ही मुभाच आहे, किती काळाने फिरवायचे हे संविधानाने ठरवून दिलेले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्राने १९९० मध्येच महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या होत्या. घटनादुरुस्तीनंतर ते प्रमाण एक तृतीयांश झाले आणि २०११ मध्ये निम्म्यावर गेले. नागरिकांच्या मागासवर्ग प्रवर्गासाठी, म्हणजे सामान्य व्यवहारात ज्याला ओबीसी म्हटले जाते त्या प्रवर्गासाठी, २७ टक्के जागा राखण्याची तरतूद राज्याच्या कायद्याने केली.

या तरतुदी एकत्र आल्यावर काय होते, हे मुंबईच्या २०१७ च्या निवडणुकीवरून स्पष्ट होते. एकूण २२७ प्रभागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी, २ अनुसूचित जमातींसाठी आणि ६१ मागासवर्ग प्रवर्गासाठी राखीव होते, तर सर्व प्रवर्ग मिळून ११४ जागा महिलांच्या होत्या. हिशेब मांडला तर खुल्या प्रवर्गातील पुरुषाला जेथून उभे राहता येईल असे सुमारे ७५ प्रभाग, म्हणजे एकूण संख्येचा तिसरा हिस्साच, शिल्लक राहत होते. आरक्षण फिरते असल्यामुळे हे ७५ प्रभाग पुढच्या खेपेस तेच राहतील याची हमी नव्हती. महिलांचा वाटा एक तृतीयांश होता तोपर्यंत एखादा प्रभाग तीन निवडणुकांपैकी दोनदा पुरुषांना खुला राहू शकत होता. वाटा निम्मा झाल्यावर आणि फेरा काटेकोरपणे पाळला गेल्यास आज खुला असलेला प्रभाग पुढच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव होणे जवळजवळ ठरलेलेच असते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, एकसदस्य प्रभागपद्धतीत निम्मे आणि दर पाच वर्षांनी फिरणारे आरक्षण ही पुरुष नगरसेवकांवर घातलेली, कायद्यात कोठेही न लिहिलेली, एका मुदतीची मर्यादा आहे.

कोणता प्रभाग कोणासाठी हे ठरवण्याच्या प्रक्रियेला आरक्षण सोडत म्हणतात. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्या-त्या प्रभागातील त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण पाहून उतरत्या क्रमाने ठरतात, महिलांच्या जागांसाठी मात्र चिठ्ठ्या टाकल्या जातात. सोडत जाहीरपणे, सभागृहात होते. पारदर्शक पिंपात प्रभाग क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून पिंप फिरवले जाते आणि शाळकरी मुलांच्या हस्ते एकेक चिठ्ठी काढून सर्वांना दाखवली जाते. समोरच्या खुर्च्यांवर मांडीवर प्रभागांचे नकाशे घेऊन विद्यमान आणि इच्छुक बसलेले असतात, आणि एका चिठ्ठीसरशी कोणाची पाच वर्षांची बांधणी वाया जाते तर शेजारच्या खुर्चीवरच्या इच्छुकाचे नशीब उघडते. पाच वर्षांचे काम तोलण्याचा अधिकार ज्या मतदाराचा, त्याच्या आधी ही चिठ्ठी बोलून जाते. (नशिबाचा भाग मतमोजणीतही उरतोच: २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना समसमान मते पडली आणि चिठ्ठी काढून शाह यांना विजयी घोषित करण्यात आले. पण तो कायद्यानेच सांगितलेला अखेरचा उपाय होता आणि तोही मतदारांनी आपले मत दिल्यानंतरचा.)

ज्याचा प्रभाग गेला त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली म्हणजे शेजारच्या प्रभागातून उमेदवारी मागणे, जेथे त्याचे काम लोकांनी पाहिलेले नसते आणि स्थानिक इच्छुकांच्या लेखी तो उपरा असतो. दुसरी म्हणजे पाच वर्षे थांबणे. तिसरी आणि सर्वाधिक रुळलेली वाट म्हणजे पत्नी, आई, सून किंवा भावजय यांना उभे करणे, आणि फलकावर तिच्या नावाशेजारी आपले छायाचित्र मोठे छापून कार्यालय स्वतः चालवत राहणे. या तिसऱ्या वाटेची टिंगल पुष्कळ झाली आहे आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु टिंगलीच्या भरात एक महत्त्वाचा निष्कर्ष दुर्लक्षित राहतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांची तुलना करून २००९ मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग एका बाजूला, आणि दोन्ही वेळा खुले असलेले प्रभाग दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना होती. आधी राखीव राहिलेल्या प्रभागांत आरक्षण उठल्यानंतरही महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट अधिक आढळली. निवड चिठ्ठीने झालेली असल्यामुळे दोन्ही गटांतील प्रभाग मुळात वेगळ्या स्वभावाचे होते, असेही म्हणता येत नव्हते.

या निष्कर्षाचा अर्थ असा, की पतीच्या जागी उभ्या केलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांपैकी काहींनी स्वतःचा मतदार तयार केला, आणि स्त्री उमेदवार निवडून येऊ शकते हे राजकीय पक्षांनाही कळून चुकले. तथापि हा पाचपटीचा आकडा मुळात फार लहान असलेल्या आकड्याचा गुणाकार आहे. आरक्षण उठलेल्या प्रभागांपैकी बहुसंख्य प्रभाग पुन्हा पुरुषांकडेच गेले, म्हणजे पाच वर्षे काम करून सभागृहाचे नियम आणि प्रभाग कार्यालयाची कार्यपद्धती आत्मसात केलेल्या अनेक स्त्रियांना, प्रभाग खुला झाला या एका कारणाने, पक्षाने घरी बसवले. फिरत्या आरक्षणाने जशी पुरुषाची दुसरी मुदत हिरावली जाते, तशीच ज्यांच्यासाठी ते आणले गेले त्या स्त्रीचीही हिरावली जाते. किंबहुना तिची अधिक, कारण पुरुषाला निदान परत येण्याची वाट असते.

दुसरा घटक प्रभागरचनेचा. जनगणनेच्या प्रगणक गटांना, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेल्या घरांच्या समूहांना, एकत्र जोडून शहराच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत प्रभाग आखले जातात, प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि सुनावणीनंतर तो अंतिम होतो. एखादी वसाहत एका प्रभागातून काढून दुसऱ्यात टाकली गेली, की ज्या नगरसेवकाचा तेथे भरवसा होता त्याची गणिते कोलमडतात. हरकतींच्या सुनावणीत नैसर्गिक सीमा, नाला आणि रेल्वेमार्ग यांची चर्चा होत असली तरी खरा मुद्दा बहुधा हा असतो. सीमांबरोबर एका प्रभागातून किती सदस्य निवडायचे हेही बदलत राहिले. मुंबईत एकसदस्य पद्धत कायम राहिली. इतर महानगरपालिकांत मात्र २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते. त्यानंतर एक, तीन आणि पुन्हा चार असे निर्णय सरकारे बदलतील तसे बदलत गेले. पुण्यात २०१७ मध्ये ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. सलग निवडणुका लढवणाऱ्या पुण्यातील एखाद्या नगरसेवकाला दर वेळी वेगळ्या आकाराच्या भूप्रदेशात, वेगळ्या संख्येच्या सहकाऱ्यांसह मते मागावी लागली, आणि मागच्या वेळच्या आपल्या मतदारांपैकी किती जण आता आपल्या प्रभागात आहेत हे मतदार याद्या फुटल्यावरच कळले. याद्या फुटणे म्हणजे विधानसभेच्या मतदार यादीची प्रभागनिहाय विभागणी होणे.

बहुसदस्य प्रभागाचा एक लाभ मात्र मान्य करावा लागतो. अशा प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, मतदार प्रत्येक जागेसाठी एक याप्रमाणे चार मते देतो, आणि निम्म्या जागा महिलांच्या असल्या तरी उरलेल्या दोहोंपैकी एखाद्या जागेवरून विद्यमान पुरुष नगरसेवकाला त्याच भागात उभे राहता येते. आरक्षणाची सोडत येथे कमी घातक ठरते. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: चार जणांचा मिळून एक प्रभाग असल्यामुळे तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची हे रहिवाशांना कळत नाही, झालेल्या कामाच्या फलकावर मात्र चौघांचीही नावे असतात. नगरसेवकाला पुन्हा उभे राहणे सोपे होते, पण त्याच्या एकट्याच्या कामाचा निवाडा करणे मतदाराला अवघड होते.

सोडत आणि सीमा या दोन्हींतून सुखरूप सुटलेल्या नगरसेवकाला पात्रतेच्या अटी पाळाव्या लागतात, त्यांचा येथे केवळ उल्लेख पुरेसा आहे: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य नसणे, पालिकेची थकबाकी नसणे, अनधिकृत बांधकामात सहभाग नसणे, आणि राखीव जागेवरून उभे राहायचे असल्यास जातवैधता प्रमाणपत्राची पूर्तता करणे. मग येतो पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवार कोण हे निवडणूक अधिकाऱ्याला कळवणारे पक्षाचे पत्र. तो हाती पडेपर्यंत कोणाचेही काही खरे नसते. मतदारांची नाराजी नगरसेवकावर असते, पक्षावर नसते, या तर्काने पक्ष विद्यमानांचे पत्ते कापतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. २०१७ मध्ये दहा वर्षे सत्तेत असलेल्या भाजपने तेथील तिन्ही महानगरपालिकांत एकाही विद्यमान नगरसेवकाला उमेदवारी द्यायची नाही असे जाहीर केले, आणि मतदान झालेल्या २७० जागांपैकी १८१ जिंकल्या. पक्षाच्या दृष्टीने हा डाव कमालीचा यशस्वी ठरला. मतदाराच्या दृष्टीने पाहिले तर दहा वर्षांच्या कारभाराचा जाब ज्यांना विचारायचा, त्यांपैकी एकही जण पक्षाचा उमेदवार म्हणून मतदानयंत्रावर नव्हता, आणि चांगले काम केलेले नगरसेवकही वाईटांबरोबर बाजूला गेले.

महाराष्ट्रात याहून वेगळी स्थिती २०२२ नंतर उद्भवली. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याची त्याच महिन्यात संपली, आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे असा संविधानाचा दंडक असतानाही कारभार प्रशासकांकडे गेला. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात मागासवर्ग प्रवर्गाच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या होत्या, म्हणजे स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, प्रत्येक स्थानिक संस्थेनुसार आरक्षणाचे प्रमाण ठरवणे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवणे. त्यातून सुरू झालेला वाद आणि प्रभागसंख्येचा वाद एकमेकांत गुंतत गेले. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. दरम्यानच्या काळात माजी नगरसेवकांकडे अधिकार नव्हता, निधी नव्हता, तरी पाणी आले नाही की लोक त्यांच्याच दारी जात होते. तीन वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर जो उमेदवार मते मागतो तो २०१७ ते २०२२ च्या कामाचा हिशेब देत असतो, की प्रशासकाच्या राजवटीतील गैरसोयींचे खापर त्याच्या माथी फुटत असते, हे वेगळे काढणे मतदाराला जवळपास अशक्य आहे.

फिरत्या आरक्षणाच्या मुदतीबाबत तामिळनाडूचा अनुभव, तो पंचायतींचा असला तरी, येथे उपयोगी पडतो. तेथे राखीव जागा सलग दोन मुदती, म्हणजे दहा वर्षे, राखीव राहतात. मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी आणि कीरिपट्टी या गावांत १९९६ मध्ये अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झाल्यावर वर्चस्व असलेल्या जातीने निवडणुकाच होऊ दिल्या नाहीत, किंवा निवडून आलेल्याला लगेच राजीनामा द्यायला लावले. २००६ मध्येच तेथे सुरळीत निवडणूक होऊ शकली. पाच वर्षांनी आरक्षण उठणार असते तर अशा गावांना केवळ एक मुदत तग धरून राहणे पुरले असते. मुदत लांब असली की विरोध करणाऱ्यांची ही सोय बंद होते, आणि राखीव जागेवरून निवडून आलेल्या व्यक्तीला आपल्या कामाच्या जोरावर त्याच जागेवरून दुसऱ्यांदा मते मागता येतात. यावर आक्षेप असा, की इतरांना दहा वर्षे ताटकळावे लागते, आणि निम्म्या जागा महिलांच्या असलेल्या एकसदस्य प्रभागांच्या शहरात तो आक्षेप गंभीर आहे. चार सदस्यांच्या प्रभागात त्याची धार बरीच बोथट होते, कारण तेथे पुरुषांनाही प्रत्येक प्रभागात जागा असते. म्हणजे मुंबई वगळता राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत आरक्षण दोन मुदती स्थिर ठेवण्यात मोठी व्यावहारिक अडचण नाही. अडचण आहे ती दर निवडणुकीआधी प्रभागांचा आकार आणि सदस्यसंख्या बदलण्याची, कारण प्रभागच तोच राहिला नाही तर त्यावरचे आरक्षण दहा वर्षे टिकवण्याला काही अर्थ उरत नाही.