महाग असते ते शेवटचे युनिट

विजेचे बिल घरात आले की त्यावरच्या दोनच गोष्टी वाचल्या जातात. भरायची रक्कम आणि भरायची मुदत. रक्कम मागच्या महिन्याच्या दीडपट निघाली की घरातल्या घरात चौकशी समिती बसते. बाथरूमचा दिवा रात्रभर कोण चालू ठेवतो इथून सुरुवात होते, मग मुलांच्या टीव्हीवर गाडी घसरते, आणि शेवटी आजींच्या देवघरातला छोटा बल्बही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. खरे आरोपी मात्र सुटतात, कारण ते उजेड पाडत नाहीत. देवघरातला तो पाच वॅटचा बल्ब महिनाभर अहोरात्र जळला तरी साडेतीन युनिटांच्या आसपास वीज खातो. त्याच घरातला गिझर तेवढी वीज दोन दिवसांत संपवतो.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. शाळेत शिकलेली ही व्याख्या आपण परीक्षेनंतर विसरतो आणि उपकरणांना त्यांच्या आवाजावरून जोखतो. मिक्सर घरघरतो म्हणून तो खादाड वाटतो. पण पाचशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटे चालला तर महिन्याला अडीच युनिटे होतात. डोक्यावर निमूटपणे फिरणारा पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस. वॅटइतकेच तासही मोजावे लागतात, आणि तास मोजायचे आपल्या लक्षात राहत नाही.

एका चौकोनी कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. दोन खोल्या, स्वयंपाकघर, चार माणसे. तीन पंखे मिळून दिवसाला तीस तास चालले तर महिन्याला साधारण अडुसष्ट युनिटे. गिझरची कॉइल दिवसातून एकूण तासभर तापली तर साठ. मध्यम आकाराचा फ्रिज तीस. सगळे दिवे, तेही आता एलईडी असल्यामुळे, फार तर पंधरा. टीव्ही बारा. इस्त्री आणि कपडे धुण्याचे यंत्र मिळून चौदा-पंधरा, आणि मिक्सरची ती अडीच. बेरीज दोनशेच्या घरात जाते. यातली निम्म्याहून अधिक वीज केवळ पंखे आणि गिझर यांनी खाल्ली. ज्या दिव्यांवरून भांडण झाले त्यांचा वाटा तेरा-चौदा युनिटांमागे एक.

ज्यांना असा कागदी हिशेब पटत नाही त्यांनी मीटरपाशी जावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बहुधा त्याच्या शेजारी ३२०० किंवा तसाच एखादा आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले सगळे बंद करून फक्त गिझर लावला तर ३२०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो; एकटा पंखा असेल तर चारदा. आणि सगळे बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर वीज कुठेतरी गळते आहे, किंवा शेजारचे कोणी आपल्या तारेवर आहे. अशा वेळी वायरमनला बोलवावे, स्वतः बोर्ड उघडू नये.

आता पैशांकडे येऊ. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना सुमारे पावणेपाच रुपये, पुढच्या दोनशेंना सव्वादहा आणि त्यापुढच्या दोनशेंना साडेचौदा असा वीज आकार होता. आकडे वर्षागणिक बदलतात, मुंबईतल्या कंपन्यांचे दर वेगळे आहेत, पण चढण तीच. वर घेतलेल्या घराचा दोनशे युनिटांचा वीज आकार या दराने दीड हजार रुपये होतो. आता मे महिना आला आणि त्या घरात दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालू लागला. तासाला एक युनिट धरले तर महिन्याला दोनशे चाळीस युनिटांची भर पडली. वापर झाला दोनशेचा चारशे चाळीस, म्हणजे सव्वादोन पटही नाही. वीज आकार मात्र दीड हजाराचा साडेचार हजार झाला. स्वस्तातली युनिटे पंखे-फ्रिज-गिझरने आधीच संपवलेली असतात. नंतर येणाऱ्याला महागाचेच पान वाढले जाते.

हेच गणित उलट्या बाजूनेही चालते. आपण वाचवलेले प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टोकाचे असते. म्हणून चारशे युनिटे वापरणाऱ्या घराने चाळीस वाचवली तर जेवढे पैसे वाचतात, त्याच्या निम्म्याएवढेही नव्वद युनिटांच्या घराने तितकीच वाचवली तरी वाचत नाहीत.

इथे एक गैरसमज खोडून काढलाच पाहिजे, कारण त्याची किंमत म्हातारी माणसे मोजतात. शंभर युनिटांच्या वर एक जरी गेले तरी सगळीच्या सगळी महाग दराने लागतात, असे अनेक घरांत ठाम मानले जाते. निवृत्तिवेतनावर जगणारी जोडपी महिन्याचे शेवटचे आठ दिवस पंखा बंद करून, एका दिव्यावर काढतात ती याच भीतीने. तसे होत नाही. एकशे एक युनिटे झाली तर फक्त ते एक युनिट वरच्या दराने लागते, आधीची शंभर जुन्याच दराने. जुना पंखा रात्रभर, आठ तास, पूर्ण वेगाने फिरला तरी सहा दशांश युनिट होते. सगळे कर धरून पहिल्या टप्प्यात सुमारे चार रुपये, दुसऱ्यात आठ. सत्तरीच्या माणसाने वैशाखाच्या रात्री आठ रुपयांसाठी उकाड्यात तळमळत पडावे, ही काटकसर नव्हे. आपल्या घरात असे कोणी असेल तर बिल त्यांच्यासमोर ठेवून हा हिशेब मांडून दाखवावा.

बिलात वीज आकाराखेरीज बरेच काही असते. स्थिर आकार हा जोडणी असल्याचा आकार; महिनाभर कुलूप लावून गावी गेलात तरी तो येतो. वहन आकार आणि इंधन समायोजन आकार युनिटांच्या हिशेबाने लागतात, म्हणून वापर घटला की तेही घटतात. या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. उन्हाळ्याच्या तोंडाला सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते तेव्हा बरेच जण संतापतात. ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी असा नियम आहे. वापर वाढला की फरक मागितला जातो. तो खर्च नव्हे, ठेव आहे, आणि तिच्यावरचे व्याज बिलातून वळते होते. एवढे मात्र खरे, की मागणी नेमकी शाळेच्या फीच्या सुमारास येते.

वाचवायचे कुठे, याचे उत्तर वरच्या यादीतच आहे. पंख्यापासून सुरुवात करावी. बीएलडीसी मोटरचे पंखे तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतात. तीन पंखे बदलले तर आपल्या नमुन्याच्या घरात महिन्याला चाळीसच्या आसपास युनिटे वाचतात, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात पाचशे रुपये. पंख्यांचा खर्च दीड-दोन वर्षांत निघतो. नव्वद युनिटांच्या घराने मात्र घाई करू नये. जुना पंखा बिघडला की नवा तसा घ्यावा. खोकड्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर तो आधी बदलावा. तो पंखा हळू करतो खरा, पण उरलेल्या विजेची स्वतःच उष्णता करून टाकतो.

गिझरबाबत आपण आपल्याच जुन्या रीतीकडे पाहावे. बंबात लाकूड घालताना पाणी किती लागणार याचा अंदाज घरातल्या बाईला पक्का असे. गिझर ही जाणीव पुसून टाकतो. वीस लिटरची बादली अंघोळीपुरती गरम करायला एक तृतीयांश युनिट पुरते. चौघांना दीड युनिटाहून कमी. आपण तापमान पासष्टवर ठेवतो, त्यात निम्मे गार पाणी मिसळतो, आणि बटण बंद करायचे विसरून ऑफिसला जातो. टाकीतले पाणी निवते, कॉइल पुन्हा तापते. तापमान पन्नासवर आणावे आणि अंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात. घरातल्या मुलांना हे पटवणे हाच यातला अवघड भाग. पाणी क्षारयुक्त असेल तर कॉइल अधूनमधून साफ करून घ्यावी.

एसीच्या तापमानाबद्दल ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो की एक अंश वर नेले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. चोवीस-पंचवीसवर एसी आणि जोडीला मंद पंखा, यात झोप मोडत नाही. फ्रिज घेताना नुसते तारे मोजू नयेत. त्या लेबलवर वर्षाचा वापर युनिटांत छापलेला असतो, तो वाचावा; आणि लेबलचे सालही पाहावे, कारण निकष कडक होत जातात आणि जुन्या सालचे पाच तारे नव्या मोजणीत पाच उरत नाहीत.

इतके करूनही बिल अवाच्या सवा आले, तर आधी मीटरवरचा आकडा आणि बिलातले चालू रीडिंग ताडून पाहावे. रीडिंग न घेता सरासरीने बिल लावले असेल तर पुढच्या खऱ्या रीडिंगला सगळा वापर एकदम अंगावर येतो. टाळेबंदीमुळे २०२० च्या मार्चअखेरीपासून रीडिंग थांबले होते, तेव्हा जूनच्या बिलांनी महाराष्ट्रभर जो हलकल्लोळ उडाला तो असाच. अशा वेळी एकच पाहायचे: जितक्या महिन्यांचा वापर आहे, तितक्या महिन्यांत विभागून टप्पे लावले आहेत ना? तीन महिन्यांची तीनशे युनिटे ही तीन वेळा शंभर असतात. ती एकाच महिन्याची धरली तर दोनशे युनिटांना दुपटीहून जास्त दर बसतो.

चूक सापडली तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहकांच्या तक्रारींसाठी नेमलेला मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे, जी थकबाकी बिलांत सलग दाखवत आणलेली नाही ती देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. म्हणून जुनी बिले रद्दीत घालू नयेत. निदान दोन वर्षांची एका तारेत ओवून ठेवावीत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा.