प्रोस्टेट कॅन्सरचं रेडिएशन: हिंगोलीहून निघण्याआधी हे माहीत असू द्या

गावाकडे रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हा शेक बहुतेकदा आठवड्यातून ५ दिवस, ४ ते ८ आठवडे चालतो. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय हिंगोलीपासून २०० किलोमीटरहून लांब आहे. रोज ये-जा जमणार नाही, आणि खाडे पडले तर उपचाराचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून आधी मुक्कामाची सोय बघा.

खर्चाचं काय?
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. आधार आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासातही सवलत मिळते.

रोजची तयारी काय?
बहुतेक ठिकाणी पोट साफ आणि लघवीची पिशवी भरलेली ठेवायला सांगतात. पिशवी भरली की आतडं वर सरकतं आणि किरणांपासून वाचतं. गुदाशय रिकामं असलं की प्रोस्टेट जागेवर राहतं. पाणी किती आणि कधी प्यायचं, ते रुग्णालयात विचारून घ्या.

त्रास होतो का?
शेक घेताना दुखत नाही. काही दिवसांनी लघवीला जळजळ, वारंवार लघवी, पातळ शौच, थकवा जाणवू शकतो. जळजळ होते म्हणून पाणी कमी करू नका. लघवी अडली, ताप आला किंवा रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना गाठा.

बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. आजोबांनी नातवंडांना खुशाल जवळ घ्यावं.