काळ्या बुरशीची शर्करासिद्धी

कांदा, लसूण, केळे यांत निसर्गतः अल्प प्रमाणात आढळणारी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा मुबलक सिद्ध करण्याची तजवीज जपानच्या मेइजी सेइका या कंपनीने १९८० च्या दशकात केली, आणि त्या कार्याचा भार साठवणीतल्या कांद्यावर काळी भुकटी धरणाऱ्या ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या विकरावर सोपविला. साखरेच्या घट्ट पाकात हे विकर एका रेणूतील फ्रुक्टोज सोडवून दुसऱ्या अखंड रेणूस जोडते. पाक पातळ असल्यास मात्र तेच फ्रुक्टोज पाण्याच्या हवाली होऊन साखरेचे केवळ विघटन घडते, आणि एकाच विकराकडून केवळ दाटपणाच्या फरकाने रचना वा मोडणी व्हावी, हे या प्रक्रियेतील खरे नवल होय. मागे उरलेले ग्लुकोज पुढे विकरालाच अडथळा करते, त्यामुळे सुमारे ५५ ते ६० टक्क्यांवर उत्पादन थबकते.

मानवी पाचकरसांना न जुमानता ही शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचते व तेथील बायफिडोबॅक्टेरियांचे पोषण करते. अशा अन्नघटकांना ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा १९९५ साली मिळाली. अतिसेवनाने पोट फुगते. सबब आरंभ अल्प मात्रेनेच करावा.