पाटावर फिरणारा डोळा

कणकुंबी गावचा पाऊस लागला की दिवसचे दिवस घरातच जातात. अशाच एका पावसाळ्यात जुन्या सफाई-रोबोटमधला लेझर सेन्सर माजघरात पाटावर ठेवून मी लॅपटॉपला जोडला. पडद्यावर ठिपके उमटले: चार भिंती, मधला खांब, उघडं दार. घासून लख्ख केलेल्या पितळी कळशीपाशी मात्र ठिपके तुटले. चकाकत्या पितळेवरून किरण भलतीकडेच जातो.

हे चित्र मला दिसलं, त्यामागे कित्येकांची मेहनत आहे. २०१० साली अमेरिकेतल्या नीटो कंपनीचा एक्सव्ही-११ हा सफाई-रोबोट बाजारात आला; पाटावरचा सेन्सर त्यातलाच. तोवर असे सेन्सर हजारो डॉलरना मिळत. या स्वस्त सेन्सरची मूळ कल्पना २००८ च्या एका शोधनिबंधात मांडली होती: बनवण्याचा खर्च अवघा ३० डॉलर. तत्त्व त्रिकोणमापनाचं. १८०२ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटनने मद्रासजवळ मैलोगणती लांबीची पायारेषा मोजून भारताची मोजणी सुरू केली, तोच हिशेब. इथे लेझर आणि कॅमेरा यांतलं बोटभर अंतर हीच पायारेषा.

सेन्सर स्वस्त होता, पण त्याची भाषा कंपनीने सांगितली नव्हती. हौशी मंडळींनी वर्गणी काढून बक्षीस लावलं आणि वर्ष संपायच्या आत कोडं सुटलं. तारेतून वाहणारे आकडे टिपायचे, ठरावीक अंतरावर पुठ्ठा धरायचा, कोणता आकडा हलतो ते पाहायचं. सेन्सरमधलं सॉफ्टवेअर बदललं की मांडणीही बदले; मग पुन्हा श्रीगणेशा. शेवटी हाती आलं ते असं: २२ बाइटांचा एक संच, सुरुवातीला नेहमी २५०, मग क्रमांक, फिरण्याचा वेग, चार मोजमापं आणि शेवटी पडताळणीची बेरीज. असे ९० संच म्हणजे एक फेरी, ३६० अंतरं. सेकंदाला पाच फेऱ्या.

मंडळींनी हे सगळं जगासाठी खुलं ठेवलं. विद्यार्थ्यांचे रोबोट त्यावर चालायला शिकले.

२०२३ मध्ये नीटोचं काम बंद करण्याचा निर्णय झाला. पाटावरचा सेन्सर मात्र अजून फिरतो, आणि त्याचा प्रत्येक बाइट मला वाचता येतो. ज्यांचे चेहरेही मी पाहिले नाहीत, त्यांनी तो आधी वाचून ठेवला आहे. त्यांचं हे ऋण मी मानतो.