जुनी जीप इतकी जवळची का वाटते?

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर ओलांडले की पुढे रांजणगावची एमआयडीसी लागते. तिथे २०१७ पासून जीप कंपास तयार होते. या नावाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विलीज जीपमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने ती मुंबईत जोडायला घेतली आणि तिच्याच धाटणीच्या गाड्या गावोगावी पोचल्या. आजही तशी जीप दिसली की साठीतली माणसे हमखास थांबतात. असे का होते?

स्मरणशक्तीच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार दिसली आहे: उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वाधिक येतात. नव्या अनुभवांचा तो काळ. बहुतेकजण गाडी चालवायलाही तेव्हाच शिकतात.

वासाचाही वाटा मोठा. इतर संवेदना थॅलॅमस या केंद्रातून मेंदूत पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेने पोचतो. म्हणून पेट्रोल, ग्रीस आणि तापलेल्या रेक्झिनचा वास क्षणात जुने दिवस जागे करतो.

यंत्राची बाजूही आहेच. विलीजचे इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने वरचे हेड अगदी साधे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर उघडून दोष डोळ्यांनी पाहता येई. स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेल्या वस्तूवर जीव जडतो.

अशा गाड्या भंगारात जाऊ नयेत. त्या चालत्या ठेवण्याचे कसब जुन्या मिस्त्रींकडे आहे. तरुणांनी ते आताच शिकून घ्यावे.